सेहेरचे एकशेवीस तास

शनिवारी सकाळी साडेनऊ ते साडेअकरा माझ्या नातीची, श्रियाची, मराठी शाळा असते. सिडनीत जन्मलेल्या पोरांना 'ळ' म्हणायला शिकवणारी ही शाळा एका सरकारी शाळेच्या दोन वर्गांत भरते, आणि त्याच शाळेच्या पटांगणात त्याच वेळी बाजार भरतो. मुलगा यतिन आणि सूनबाई दीप्ती दोघंही वेस्टमीडला हॉस्पिटलात. तो लॅबमध्ये, ती नर्स. शनिवारी दोघांपैकी एकाला तरी शिफ्टला जावंच लागतं, म्हणून श्रियाला पोचवायचं आणि आणायचं काम माझ्याकडे. मी एसटीत अडतीस वर्षं कंडक्टर होतो, चोपडा डेपो. माणसं पोचवायची आणि मधल्या वेळात गप्पा मारायच्या, हे दोन्ही मला जमतं.

तर त्या दोन तासांत मी बाजारात हिंडायचो. चार वर्षांपूर्वी असाच हिंडताना एका पांढऱ्या व्हॅनपुढे तंबू दिसला आणि त्याखाली दोन बायका. थोरली पन्नाशीची, धाकटी पंचविशीच्या आतली, दोघींच्या डोक्याला रुमाल. धाकटीने कणकेचा गोळा घेतला आणि बोटाएवढ्या बारीक, हातभर लांब लाटण्याने अशी पोळी लाटली की खालच्या फळीचे डाग दिसावेत. आत पालक आणि चीज पसरलं, घडी घातली. थोरलीने ती उचलून लोखंडी तव्यावर टाकली. तो तवा पालथा होता. खाली आग, वर फुगीर पाठ.

मी जागच्या जागी उभा राहिलो. आमच्या खानदेशात पुरणाचे मांडे असेच होतात, फक्त लोखंडाऐवजी मातीचं खापर. चुलीवर ते पालथं घालायचं, एका बाईने पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर झेलत झेलत वाढवत न्यायचा, दुसरीने तो खापरावर पसरून कडा सुटल्या की उचलायचा. एकटी बाईही करते, पण दोघी असल्या की बघत राहावं. आमच्या घरात दोघी होत्या. मोठी माय आणि लहानी माय. माझ्या वडिलांच्या दोन बायका. मोठीला मूल नव्हतं, म्हणून लहानी आणली. कायदा बंदीचा आला तो त्यानंतर. मी लहानीच्या पोटचा.

हे सगळं मी त्या दोघींना पहिल्याच दिवशी, खाणं हातात येण्याच्या आधीच सांगून टाकलं. त्या तुर्कस्तानच्या होत्या. आमचं बोलणं मोडक्या इंग्रजीत झालं, इथे मराठीत लिहितो. थोरलीने मान वर करून विचारलं, "दोन बायका? आणि किती वर्षं जगला तुझा बाप?"

"ब्याऐंशी."

"बिचारा," ती म्हणाली आणि माझ्या हातात कागदात गुंडाळलेली गरम घडी ठेवली. त्याला गोझ्लेमे म्हणतात. खिम्याचा तवा वेगळा आहे ना, हे मी विचारून घेतलं, वेगळा होता.

थोरलीचं नाव मुनेव्वर. तीस वर्षं सिडनीत, गिऱ्हाइकांना 'नो वरीज, डार्ल' म्हणायची आणि आवाज असा की पटांगणाच्या त्या टोकाच्या मधवाल्याला सुट्टे मागायची तर इथूनच. धाकटी सेहेर. तिचं इंग्रजी माझ्याइतकंच. इंग्रजी न येणाऱ्या दोघांना एकमेकांचं इंग्रजी फार चांगलं कळतं. शिवाय हवा, दुनिया, पडदा, साबण, चहा हे शब्द दोन्हीकडे जवळपास तेच निघाले, मग तर काही अडेना. ती उर्फा शहराच्या बाजूच्या खेड्यातली. तिथे कापूस पिकतो. बोंडाचं वाळकं टोक नखाखाली कसं घुसतं ते तिने बोट पुढे करून दाखवलं, मीही माझं दाखवलं. सत्तर वर्षांपूर्वीची खूण थोडीच दिसणार, पण तिने वाकून बघितल्यासारखं केलं. त्या दिवसापासून मी तिचा देदे. त्यांच्यात आजोबाला देदे म्हणतात.

मग माझे शनिवार तिथेच जाऊ लागले. मुनेव्वरने माझ्यासाठी दुधाचा क्रेट पालथा घालून ठेवला. मी त्यावर बसून आयांच्या गोष्टी सांगायचो. एक मारायला उठली की मी दुसरीच्या पदराआड कसा जायचो ती. वडील एकीवर ओरडले की दोघी त्यांच्याशी अबोला धरायच्या ती. शाळेत मास्तरांनी आईचं नाव विचारलं, मी दोन सांगितली, त्यांनी मला छडी मारून एक खोडलं ती. दुसऱ्या दिवशी दोघी डोक्यावर पदर घेऊन शाळेत हजर. मास्तरांना म्हणाल्या, आम्ही दोघी आलोय, यातली कुठली खोडता ते समोर खोडा. मास्तर वर्गाबाहेर पडून हातपाय धुवायला गेले ते तास संपेपर्यंत आले नाहीत. ही गोष्ट मुनेव्वरने माझ्याकडून चार वेळा ऐकली आणि प्रत्येक वेळी तव्यावरचं विसरून हसली.

सेहेर हसायची, पण कमी. का, ते मला तिसऱ्या शनिवारी कळलं. ती मुनेव्वरची धाकटी जाऊ. मुनेव्वरच्या धाकट्या दिराशी, इरफानशी, लग्न होऊन ती सिडनीला आली आणि चौदा महिन्यांत इरफान कामावरून येताना मोटरसायकलच्या अपघातात गेला. मूल नाही. राहायचा कागद तिला मिळाला होता, पण राहायचं कोणाकडे? जावेच्या घरात एक खोली आणि शनिवारी हे लाटणं, एवढंच तिचं सिडनी.

एकदा ती नळावर पाणी भरायला गेली असताना मुनेव्वरने मला जवळ बोलावलं. म्हणाली, उर्फाहून सासूचा दर शुक्रवारी फोन येतो. आपल्या घरची सून परक्याकडे जायची नाही, थोरल्याने तिच्याशी निकाह लावावा. त्यांच्या भागात अशी चाल आहे. सेहेरच्या बापानेही फोनवर होकार भरला आहे. सवतीला ते कुमा म्हणतात. तर सेहेरने मुनेव्वरची कुमा व्हायचं. सेहेरने वेळ मागून घेतला होता. कुर्बान बायरामपर्यंत, म्हणजे आपण जिला बकरी ईद म्हणतो तिथपर्यंत, तिने हो की नाही ते सांगायचं.

मी विचारलं, तुझा नवरा काय म्हणतो? नवरा जेलाल घरोघरी फरश्या बसवतो. शनिवारी गॅसच्या टाक्या उतरवून निघून जायचा, मी त्याचा चेहरा नीट पाहिला नव्हता.

"फरशीवाला तो," मुनेव्वर म्हणाली, "त्याला खाली बघायची सवयच आहे. हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. एका बायकोला घाबरतो, दुसरी आली तर चक्करच येईल त्याला."

"आणि तू?"

तिने तव्यावरची घडी उलटली, दाबली, पुन्हा उलटली. मग सांगू लागली. दोन मुली मेलबर्नला, रविवारी फोन करतात. घरात दिवसभर जिच्याशी बोलते ती सेहेर. ती गावी परत गेली तर बाप तिला कोणा पाच पोरांच्या बिजवराला देईल. इथे दुसऱ्या घरी गेली तर मला लग्नाकार्यात भेटेल. कुमा झाली तर माझ्या घरात राहील.

"तुला जड नाही जाणार?"

"जाईल. ते माझं मी बघते. तू तिला तुझ्या आयांच्या गोष्टी सांग, देदे. तिला वाटतं, दोघी एका घरात म्हणजे रोजची मारामारी."

मला तर वरपक्षाचा मान मिळाल्यासारखं झालं. संध्याकाळी घरी यतिनला सांगितलं, तर तो सोफ्यावर उठून बसला. म्हणाला, "बाबा, तुम्ही यात पडू नका. इथे असं दुसरं लग्न कागदावर चढतच नाही. त्यांचा मौलवी, होजा, येईल, दुआ म्हणेल, पण उद्या काही झालं तर ती त्याची बायको असल्याचा पुरावा कुठेच नसेल." दीप्ती म्हणाली, आमच्या वॉर्डात अशा बायका येतात, फॉर्मवर नवऱ्याच्या रकान्यापाशी पेन हातात धरून बसून राहतात. श्रिया टॅबलेटवरून मान वर न करता म्हणाली, "सो शी'ज लाइक द एक्स्ट्रा वन, आजोबा?" मी म्हटलं, माझ्या घरी एक्स्ट्रा कोणी नव्हतं. तेव्हा माझी तशी खात्री होती.

पुढच्या शनिवारी मी माझी सगळ्यात आवडती गोष्ट काढली, आखाजीची.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. खानदेशात दिवाळीपेक्षा मोठा सण. सासुरवाशिणी माहेरी जातात, निंबाच्या फांदीला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. आमच्या दारात दर आखाजीला दमणी जुंपली जायची. दमणी म्हणजे माणसांची हलकी बैलगाडी. मोठी माय नवं लुगडं नेसून तीत बसायची आणि चार दिवस माहेरी जायची. लहानी माय आणि मी वेशीपर्यंत पोचवायला जायचो. घरी गुरं, म्हातारी आजी, वडील. दोघींतली एक तर घरी हवीच. मग ते चार दिवस लहानी माय माझी एकट्याची. ती एकटीच खापर मांडायची, मी शेजारी बसून पहिला मांडा आमरसाशी खायचो, ती माहेरची गाणी म्हणायची. गावातली पोरं सांगायची, आमची आई मामाकडे गेली. मी म्हणायचो, माझी कधीच जात नाही. उभ्या गावात अशी आई फक्त मला होती. आजही डोळे मिटले की चुलीपुढचं तिचं ते तोंड दिसतं, तांबडं झालेलं, आणि वाटतं, तेवढे चार दिवस कोणी परत द्यावेत.

मुनेव्वर खूश झाली. सेहेरने लाटणं थांबवलं होतं. तिने विचारलं, "आणि तुझी आई? ती कधी जायची?"

मी म्हटलं, ती बाळंतपणाला जायची. माझ्या आजोबांच्या मयताला गेली.

"ते नाही. सणाला."

ही गोष्ट मी आयुष्यात किती वेळा सांगितली असेल. धुळे गाडीत, डेपोच्या कँटीनमध्ये, लग्नाच्या पंगतीत. माझ्या मराठी माणसांत हे कोणी विचारलं नव्हतं. सगळे म्हणायचे, वा, काय दिवस होते.

मग जे कधी सांगितलं नव्हतं ते सांगितलं. वेशीजवळ दमणी थांबायची. मोठी माय वाकून लहानीच्या गालावरून हात फिरवायची आणि म्हणायची, "यंदा ऱ्हावू दे. पुढला साल तू जायजो." म्हणजे पुढच्या वर्षी तू जा. मनापासून म्हणायची. ती वाईट नव्हती. घरात वाईट कोणीच नव्हतं. पण बैल वडिलांचे, दमणी मोठीची, तिच्या बापाने दिलेली. असं बावीस वर्षं झालं. मी एसटीत लागलो आणि पहिल्या आखाजीला लहानी मायला माझ्याच गाडीत बसवून तापीपलीकडे तिच्या गावी उतरवलं. परतीच्या फेरीला बघतो तर ती फाट्यावर उभी. चार दिवसांसाठी गेलेली बाई चार तासांत परत. मी घंटी मारली, गाडी थांबवली. ती चढली, खिडकीशी बसली आणि म्हणाली, झोक्यावर सगळ्या पोरी नव्या आहेत रे, मला कोणी ओळखलं नाही.

आणि मग मला एक लक्षात आलं, तेही मी तिथे बोलून गेलो. ती चुलीपुढे माहेरची गाणी म्हणायची तेव्हा तिचं तोंड तांबडं व्हायचं ते नुसत्या जाळाने नसावं.

तव्यावरून धूर यायला लागला. मुनेव्वरचं गोझ्लेमे जळालं. मी तिथे जळलेलं पहिल्यांदा पाहिलं. ती माझ्याकडे बघून तुर्कीत काहीतरी बोलली, मला कळलं नाही आणि कळण्याची गरजही नव्हती.

पुढच्या शनिवारी तंबूत दुधाचा क्रेट पालथा नव्हता, त्यात बाटल्या होत्या. मी पालकाचं एक मागितलं. मुनेव्वर म्हणाली, "सोल्ड आउट, डार्ल." समोर बारा मांडलेली दिसत होती. त्याच्या पुढच्या शनिवारीही सोल्ड आउट. मी बाकावर बसून केळं खाल्लं. घरी कोणाला सांगितलं नाही. यतिनला म्हणायला एवढंच हवं होतं.

बायरामनंतरच्या शनिवारी मात्र सेहेर मला शोधत बाकापर्यंत आली. तिच्या हाताला पीठ होतं. तिने सांगितलं ते असं.

त्यांच्या निकाहात नवरी मेहेर मागते. नवऱ्याने ते द्यायचंच असतं. बहुतेक मुली सोन्याच्या बांगड्या मागतात. बायरामच्या दिवशी जेवणं झाल्यावर टेबलावर फोन ठेवला, उर्फाहून सासू बोलत होती. तिने विचारलं, बांगड्या किती हव्यात? सेहेर म्हणाली, बांगड्या मला कुठे नेत नाहीत. मला गाडी चालवायला शिकवा. परवाना हातात आला की त्याच्यानंतर निकाह. आधी नाही.

जेलालने म्हणे तेव्हा प्रथमच मान वर केली. फोनमधून सासू म्हणाली, अशी नवरी आमच्या सात पिढ्यांत झाली नाही. सेहेर म्हणाली, आठवीत झाली म्हणा.

"आणि मुनेव्वर?" मी विचारलं.

"उठून भांडी घासायला गेली. घासलेलीच पुन्हा घासली."

आता इथला नियम असा की पंचविशीच्या आतल्या शिकाऊ माणसाने शेजारी परवानावाला बसवून एकशेवीस तास गाडी चालवायची आणि ते तास एका वहीत लिहायचे. यतिनने माझ्यासाठी एकदा सगळा हिशोब मांडून दाखवला: सिडनीहून मुंबईपर्यंत रस्ता असता तर निम्मा झाला असता, बाबा. पहिल्या दिवशी शिकवायला जेलाल बसला. दुसऱ्या राउंडअबाउटला तो ओरडला, तिने ब्रेक दाबला, तो दार उघडून उतरला आणि चालत घरी गेला. सेहेर रस्त्याच्या मधोमध. मग मुनेव्वर बसने तिथवर गेली, तिच्या शेजारी बसली आणि पुढचं सगळं तिनेच शिकवलं.

सवत व्हायला निघालेल्या बाईला सवतच गाडी शिकवते आहे, हे बघायला मी त्यांचं घर आहे त्या ऑबर्नलाच राहायला हवं होतं. मला फक्त शनिवारचं दिसायचं. व्हॅनच्या पुढे-मागे पिवळी 'एल'ची पाटी, पटांगणाच्या फाटकातून ती आत येताना फुलवाला आपल्या बादल्या मागे घ्यायचा. मुनेव्वर डाव्या बाजूला बसून नसलेला ब्रेक पायाने दाबत असायची. उतरल्यावर दोघी भांडत. तू कर्बवर चढवलीस. तू ओरडलीस म्हणून चढली. मग एकीने लाटायला घ्यायचं, एकीने तवा. मला माझा क्रेटही परत मिळाला, कोणी काही न बोलता.

वर्ष असं गेलं. गाडीत बसलं की माणूस समोर बघतो, एकमेकांकडे नाही, त्यामुळे बोलणं सोपं जातं; हे मी एसटीत पाहिलंय. सेहेरने गाडीत मुनेव्वरला इरफानबद्दल सांगितलं, ते आधी कधी सांगितलं नव्हतं. मुनेव्वरने सांगितलं की ती स्वतः एकोणीस वर्षांची असताना आली आणि पहिली दोन वर्षं दुकानापलीकडे कुठे गेली नाही. रुकवूडच्या कबरस्तानात इरफानच्या कबरीवर सेहेरला तोवर एकदाच नेलं होतं. आता ती महिन्याला जायची, मुनेव्वर व्हॅनमध्ये बसून राहायची.

आणि एक गंमत. सिडनीतले आईबाप त्या वहीत पोरांचे तास वाढवून लिहितात, हे उघड गुपित आहे. मुनेव्वर कमी लिहायची. दोन तास गेल्या तर सव्वा. दीड तासावरच्या वोलाँगाँगला जाऊन आल्या तर ते लिहायलाच विसरली. मी एकदा वही बघितली आणि म्हटलं, अगं, हे काय? आमचा तिकीट तपासणारा असता तर तुला निलंबित केलं असतं.

तिने वही काढून घेतली. मग हळू आवाजात म्हणाली, "देदे, परवाना मिळाला की ती जाऊ शकते. मी तिला हेच शिकवते आहे ना? जायला."

मी म्हटलं, सेहेरला माहीत आहे का, तू कमी लिहितेस ते?

"तिला मोजता येतं," मुनेव्वर म्हणाली.

खरोखरच सेहेरला सगळं माहीत होतं. मी विचारल्यावर म्हणाली, लिहू दे. तिचेही तास आहेत ते.

पण कमी लिहिले तरी तास भरतातच. पहिल्या परीक्षेत ती समांतर पार्किंगला नापास झाली, दुसऱ्यांदा पास. व्हॅनला नव्या परवान्याची लाल 'पी'ची पाटी लागली आणि दोन आठवड्यांनी, एका रविवारी दुपारी, निकाह ठरला.

मला आमंत्रण होतं. यतिन म्हणाला, मी येणार नाही, तुम्ही जा. श्रियाला नवरी बघायची होती, म्हणून आम्ही आजोबा-नात वेस्टमीडहून ट्रेनने ऑबर्नला गेलो. पुढच्या खोलीत वीसेक माणसं. मध्ये होजा, पांढरी छोटी दाढी, हसरा. एका खुर्चीवर जेलाल, नवा कोट, नजर गालिच्यावर. समोर सेहेर, डोक्याला फिकट निळा रुमाल. मुनेव्वर स्वयंपाकघराच्या दारात, हातात चहाचा ट्रे, आणि ती तो खाली ठेवत नव्हती.

होजाने दुआ म्हटली. मेहेर दिलं का विचारलं; जेलालने मान हलवली. मग सेहेरला विचारलं, कबूल आहे का? त्यांच्यात तीनदा विचारतात. पहिल्यांदा विचारलं तेव्हा ती गप्प होती. लाजते आहे असं सगळ्यांना वाटलं. दुसऱ्यांदा विचारलं, आणि तेवढ्यात दार वाजलं. शेजारची व्हिएतनामी बाई. पांढरी व्हॅन कोणाची, माझ्या ड्राइव्हवेच्या तोंडावर आहे, मला कामावर जायचंय.

जेलाल अर्धा उठला. सेहेर म्हणाली, माझी आहे, आणि निघाली. मुनेव्वरच्या शेजारून जाताना तिने खुंटीवरची किल्ली घेतली. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या.

खिडकीतून व्हॅन मागे येताना दिसली, शेजारणीची गाडी निघून गेली. जागा रिकामी झाली. व्हॅन तिथे आली नाही. ती सरळ रस्त्याला लागली आणि कोपऱ्यावरून वळली.

पाच मिनिटं झाली. होजाने चहा घेतला. दहा मिनिटं झाली, त्याने दुसरा घेतला. एका म्हाताऱ्याने घसा साफ केला. श्रियाने माझ्या कानात विचारलं, "इज शी कमिंग बॅक?" मी तिला गप्प केलं. जेलाल कोटाचं बटण लावत होता, काढत होता. एकदा त्याने मुनेव्वरकडे बघितलं आणि तिने मान हलवली: नाही, फोन करायचा नाही.

ट्रे ठेवून मुनेव्वर फाटकाशी जाऊन उभी राहिली. मीही गेलो. रविवारची दुपार, रस्त्यावर कोणी नाही. कोणाच्या तरी अंगणात पाण्याचा फवारा फिरत होता. माझ्याकडे त्या वेळी सांगायला एकही गोष्ट नव्हती. मुनेव्वर म्हणाली, "पेट्रोल कालच भरलंय. टाकी पूर्ण." मग थोड्या वेळाने, "मीच भरलं."

बरोबर पंचवीस मिनिटांनी व्हॅन दुसऱ्या कोपऱ्यावरून आली. मुनेव्वर रस्त्यात उतरली. दोन्ही हात वर करून तिने इशारे द्यायला सुरुवात केली, मागे, मागे, अजून, डावीकडे. आणि सेहेरने दोन गाड्यांच्या मधल्या जागेत ती व्हॅन एका दमात बसवली, जे तिला पहिल्या परीक्षेत जमलं नव्हतं. खाली उतरली. रुमाल जरा मागे सरकला होता.

"कुठे गेली होतीस?" मुनेव्वरने विचारलं.

"हायवेच्या तोंडापर्यंत," सेहेर म्हणाली. "परत येते का, ते बघायला."

मुनेव्वरने तिचा रुमाल पुढे ओढून नीट केला, जरा जोरातच. दोघी आत गेल्या. होजाने तिसऱ्यांदा विचारलं आणि सेहेर म्हणाली, कबूल. तो शब्द मला कोणी सांगावा लागला नाही.

ते बरं झालं की नाही, मला आजही सांगता येत नाही. यतिन म्हणतो, नाही. कागदावर सेहेर आजही इरफानची विधवाच आहे, आणि दीप्तीच्या वॉर्डातल्या फॉर्मवर ती काय लिहील कोण जाणे. मी तिच्या घरात राहत नाही. मला शनिवारचे दोन तास दिसतात. त्या दोन तासांत ती हसते, पूर्वीपेक्षा जास्त, आणि भांडतेही जास्त. मंगळवारी ती व्हॅन घेऊन एकटी जाते. कुठे, ते मुनेव्वर विचारत नाही, आणि गुरुवारी सेहेर आपणहून सांगते.

मागच्या महिन्यात मी गेलो तर तंबूत जेलाल एकटा. पोटावर बायकोचा फुलाफुलांचा एप्रन. लाटत होता ती पोळी की भाकरी, ठरवणं कठीण होतं. मी विचारलं, दोघी कुठे? म्हणाला, मेलबर्नला. मुलींकडे. नऊ तासांचा रस्ता, सेहेरने गाडी चालवत नेलं. मुनेव्वर आजवर मेलबर्नला गेली ती त्याच्या सुट्टीच्या सोयीने; या वेळी गुरुवारी रात्रीच्या जेवणाला दोघींनी सांगितलं, उद्या निघतोय, आणि निघाल्या.

मी त्याच्याकडून एक विकत घेतलं. एका बाजूने कच्चं होतं, पण खाल्लं. तो तव्याकडे बघत म्हणाला, "देदे, किती दिवस म्हणाल्या, मी नीट ऐकलं नाही."

मी म्हटलं, मला तर जाणार तेच सांगितलं नव्हतं.

त्याने पुढची घडी तव्यावर टाकली, वाकून कडा सुटल्या का पाहिलं. गिऱ्हाइकांची रांग वाढत होती.

"येतील," तो म्हणाला, आणि मग माझ्याकडे वर बघितलं.